मॉर्निंग ग्लोरी लावताय? या चुका टाळा

फुलाच्या रंगावरून मॉर्निंग ग्लोरीचं, म्हणजे कर्ण्यासारखी फुलं येणाऱ्या या वेलांचं, नाव ठरवणं ही चूक इतके जण करतात, की नुसत्या फुलाचा फोटो आला तर मी आता उत्तरच देत नाही. मोबाईल फुलात खुपसून काढलेला फोटो, पान नाही, देठ नाही, फुलाची मागची बाजू तर नाहीच, आणि खाली "ही कुठली?" मोबाईलमधली ॲप तर कर्णा दिसला की काहीही नाव ठोकून देतात.

या फुलांचा रंग दिवसभरसुद्धा टिकत नाही. 'हेवनली ब्लू' या वाणाची कळी जांभळट-तांबूस असते. उमलताना पाकळीच्या पेशींतल्या रसाचा सामू (pH) ६.६ वरून ७.७ पर्यंत चढतो आणि फूल आकाशी होतं. मिटताना तेच गुलाबी दिसतं. मग सकाळच्या आणि दुपारच्या फोटोंना दोन जाती म्हणायचं का?

फूल उलटं करा आणि बुडाशी असलेली पाच हिरवी निदलं बघा. लांब, निमुळती, टोकं शेपटीसारखी ओढलेली, खालच्या भागावर राठ लव आणि पान बहुधा तीन खाचांचं, तर ती निळवेल. हिचंच बी काळा दाणा म्हणून काष्ठौषधींच्या दुकानात मिळतं. निदलं आखूड पण लवदार आणि पान बहुतेक बदामी असेल तर ती पुर्पुरिया जात. निदलं छोटी, गुळगुळीत आणि पानावरही लव नाही, तर ट्रायकलर जात. 'हेवनली ब्लू' हिच्यातलीच. पानाचे हाताच्या बोटांसारखे पाच भाग असतील तर गारवेल, ती कुंपणावर आपणहूनच येते. कंगव्यासारखं चिरलेलं पान म्हणजे गणेशवेल. तशीच लाल फुलं पण पान अखंड किंवा तीन टोकांचं असेल तर लाल पुंगळी; तिला गणेशवेल म्हणून खपवणाऱ्या नर्सऱ्या मी पाहिल्यात. आणि निळं फूल दिसलं म्हणून गोकर्णाला मॉर्निंग ग्लोरी म्हणू नका; त्याला शेंग धरते हो, तो वाटाण्याच्या कुळातला. त्याचा इथे काही संबंध नाही.

ही ओळख कशाला हवी, असं विचारणाऱ्यांसाठी सांगलीकडच्या आमच्या एका नात्यातल्या काकांची गोष्ट. रस्त्याकडेच्या कुंपणावर निळी-जांभळी फुलं बघून त्यांनी वेलाचे चार तुकडे आणले. "विकतचं बी कशाला, ही हेवनली ब्लूच आहे." लावले कुठे, तर आंब्याच्या कलमाशेजारी. दुसऱ्या पावसाळ्यात आंबा दिसेनासा झाला. काका छाटत होते आणि छाटलेलं सगळं कंपोस्टच्या खड्ड्यात टाकत होते. तिथेही पेरापेराला मुळ्या फुटल्या आणि वेल खड्ड्यातून बाहेर आला. वर शेजाऱ्यांना बी द्यायचं कबूल करून बसले होते, आणि बी काही धरेना. मी गेले तेव्हा फूल उलटून पाहिलं. ही इंडिका नावाची वेगळीच जात, वर्षानुवर्षं जगणारी, बी क्वचितच धरणारी, तुकड्यांवर पसरणारी. बुंधा खणून काढला, तुकडे गच्चीवर टाकून कडकडीत वाळवले, तरी पुढच्या जूनमध्ये दोन-तीन कोंब आलेच. फुकटचा वेल आणायचा असेल तर आधी त्याचं नाव विचारा.

दुसरी तक्रार: वेल चांगला, फुलं नाहीत. बहुतेक वेळा यामागे लाड असतात. रोप वीतभर झालं की युरिया, पंधरा दिवसांनी पुन्हा युरिया. मग पानं तळहाताएवढी होतात आणि कळी नसते. मी कुंडी भरताना थोडं शेणखत घालते, नंतर काही नाही. शेजारच्या गुलाबाचं खतपाणी याला देऊ नका.

खत बंद करूनही कळी येईना तर रात्री बाल्कनीत जाऊन उभं राहा. निळवेल लहान दिवसांची, म्हणजे खरं तर लांब रात्रीची वनस्पती. आपल्याकडे जूनमध्येही रात्र साडेदहा तासांहून मोठी असते, ती तिला पुरते. पण सलग अंधार हवा. मध्यरात्री काही मिनिटांचा उजेडही कळ्या थांबवू शकतो. पुण्यात ओळखीतल्या एकींनी माती बदलली, औषधं फवारली, शेवटी वेल उपटायला निघाल्या. वेलाचा खांबाआडचा भाग कळ्यांनी भरला होता आणि समोरचा कोरा. समोर सोसायटीने नवा एलईडी फ्लडलाइट लावला होता! वॉचमनला सांगून त्याचं तोंड वळवलं, आणि गणपतीत समोरच्या बाजूलाही फुलं आली. दिव्याचं तोंड वळत नसेल तर कुंडी हलवा.

रात्री लांब असल्याने जानेवारीत पेरलेलं बी वीतभर उंचीवरच फुलतं. ते बी खराब नसतं, तुमची घाई खराब असते. जूनमध्ये पेरा.

बाकीच्या चुका थोडक्यात. बियांचं कवच टणक असतं. डोळ्याची, म्हणजे बीवरच्या व्रणाची बाजू सोडून नेलकटरने किंचित टवका काढा आणि रात्रभर पाण्यात ठेवा. दोन दिवस भिजवलं तर कुजतं. रोप उपटून दुसरीकडे लावू नका, मुळं दुखावली की ते रुसतं. जिथे वाढवायचं तिथेच पेरा. पहिली दोन पानं मधे खाच असलेली, फुलपाखरासारखी येतात, गणेशवेलीची तर पार दुभंगलेली; तण समजून खुरपू नका. वेल वरून पाहिल्यास घड्याळाच्या उलट दिशेने चढतो. सुतळीला उलटा गुंडाळलात तर तो स्वतःला सोडवून घेतो आणि तुम्ही वाऱ्याला दोष देता. पानांना गोल भोकं पडली तर पानामागे सोन्यासारखे चमकणारे सोनकिडे शोधा आणि हाताने वेचा. चार भोकांसाठी फवारणी करणाऱ्यांना माझा दंडवत.

कुंपणाला बेशरम लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तोही याच कुळातला, आणि शेळ्या-गुरांनी तो खात राहिल्यास त्यांना विषबाधा होते.

बोंडं तपकिरी होऊन कडक झाली की फुटायच्या आत काढा, नाहीतर पुढच्या वर्षी प्रत्येक कुंडीत हेच उगवेल. बी पोटात जाता कामा नये: काळा दाणा जबर रेचक आहे, आणि ट्रायकलरच्या बियांत डोक्यावर परिणाम करणारी द्रव्यं असतात. विकतच्या बियांना बुरशीनाशकही चोळलेलं असू शकतं. त्यामुळे पाकिटं मुलांच्या हाताबाहेर आणि स्वयंपाकघरातल्या डब्यांपासून लांब ठेवा.