जुन्या पीसीचा राउटर करताय? या चुका टाळा

जुन्या डेस्कटॉपवर ओपीएनसेन्स किंवा पीएफसेन्स, म्हणजे पीसीला राउटर बनवणारी सिस्टिम, चढवणं सोपं आहे. डोकेदुखी सुरू होते ती नंतर. इन्स्टॉल झालं, केबल लावल्या, आणि नेट नाही. मग बरेच जण पुन्हा पहिल्यापासून इन्स्टॉल करत बसतात. दोष सहसा तिथे नसतो. घरातले दोन-तीन डबे एकाच वेळी राउटरचं काम करू बघतात, गोंधळ त्यातून होतो.

पहिली टक्कर पत्त्याची. या दोन्ही सिस्टिम लॅनच्या (घरातल्या नेटवर्कच्या) बाजूला स्वतःला १९२.१६८.१.१ हा पत्ता घेतात. फायबरवाल्याने भिंतीवर ठोकून दिलेल्या ओएनटीचा (फायबरच्या डब्याचा) पत्ताही बऱ्याचदा तोच असतो. पीसीच्या दोन्ही नेटवर्क कार्डांवर एकच नेटवर्क दिसलं की पॅकेट कुठे पाठवायचं हे पीसीला ठरवता येत नाही. वॅनची (ओएनटीकडून येणारी) केबल काढा, पीसीला मॉनिटर लावून कन्सोलच्या मेनूत दोन नंबरचा पर्याय निवडा, लॅनला १९२.१६८.५०.१ असा वेगळा पत्ता द्या, आणि मगच केबल परत जोडा.

नेट आलं तरी डबल नॅट (ओएनटी आणि पीसी दोघांनीही पत्ते बदलणं) उरतोच. व्हिडिओ बघायला त्याचा त्रास नाही, पण पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून घरातल्या मशीनपर्यंत वाट उघडणं) करायला गेलात की अडतं. त्यासाठी ओएनटी ब्रिज मोडमध्ये (राउटरचं काम न करता नेट नुसतं पुढे देणं) टाकून घ्यावा लागतो आणि पीपीपीओईचं (कंपनीच्या नेटचं) लॉगिन पीसीवर भरावं लागतं. यूजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन नंबर आधी मागून कागदावर लिहून ठेवा. ब्रिज झाल्यावर नेट बंद असताना कस्टमर केअरशी झगडणं फार मनस्तापाचं असतं. काही कंपन्या कार्डाचा हार्डवेअर नंबर म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसही बांधून ठेवतात, तो बदलून घ्यायला सांगा. आणि वॅनवर १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होणारा पत्ता दिसला तर तो सीजीनॅट आहे, म्हणजे कंपनी एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटते. मग पीसीवर कितीही सेटिंग बदला, आयपीव्ही४ वर बाहेरून पोर्ट उघडणार नाही. कंपनीकडे पब्लिक आयपी मागावा लागेल.

पीपीपीओईवर काही साइट उघडतात आणि काही नुसत्या फिरत राहतात? एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४९२ आहे ना बघा.

तिसरा डबा म्हणजे जुना वायफाय राउटर. तो ठेवाच, कारण पीसीतल्या वायफाय कार्डावर अ‍ॅक्सेस पॉइंट चालवणं या सिस्टिमवर कटकटीचं आहे. फक्त केबल त्याच्या वॅन पोर्टात न लावता लॅन पोर्टात लावा, डीएचसीपी (पत्ते वाटणारी सेवा) बंद करा आणि त्याला नव्या रेंजमधला मोकळा पत्ता द्या. डीएचसीपी चालू राहिला तर एका फोनला नेट मिळतं, शेजारच्याला नाही. ज्या फोनला नेट नाही त्याच्या वायफाय तपशिलात गेटवे (फोन नेटसाठी ज्या डब्याकडे जातो त्याचा पत्ता) वाचा. तिथे पीसीऐवजी वायफाय राउटरचा पत्ता असेल तर चोर सापडला.

आता वीज. लाइट जाऊन आली आणि पीसी बंदच राहिला, तर घरातला कुणीतरी बटण दाबेपर्यंत सगळ्यांचं नेट ठप्प. बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप चालू होण्याची सेटिंग असते, ती आधी लावा. त्याबरोबर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदलाच. जुन्या मशीनमध्ये तो बहुधा संपलेला असतो आणि वीज गेली की ही सेटिंगही पुसली जाते. तारीखही मागे जाते. डीएनएसएसईसी (साइटच्या नावांची खातरजमा) चालू असेल तर चुकीच्या तारखेमुळे नावांवरून पत्ते सापडत नाहीत, पत्ते सापडत नाहीत म्हणून टाइम सर्व्हर सापडत नाही, आणि घड्याळ चुकीचंच राहतं. इतक्या छोट्या सेलपायी माणूस अख्खी संध्याकाळ फायरवॉलचे नियम तपासत बसतो! यूपीएस घेतलात तर ओएनटीही त्याच्यावरच टाका.

हार्डवेअरचं थोडक्यात. यूएसबीची लॅन कार्डं मधूनच गायब होतात. या सिस्टिम ज्यावर चालतात त्या फ्रीबीएसडीवर रिअलटेकपेक्षा इंटेलची कार्डं भरवशाची. १०० एमबीपीएसचं जुनं कार्ड लावाल तर ३०० चा प्लॅन वाया. ३२ बिटचा प्रोसेसर असेल तर पीएफसेन्सचा विचार सोडा, २०१७ च्या २.४ आवृत्तीपासून तो चालत नाही. आणि ५० वॉट खाणारा पीसी चोवीस तास चालला की महिन्याला ३६ युनिट होतात, हे घरात आधीच सांगून ठेवा.

सगळं जमलं की कॉन्फिगची (सगळ्या सेटिंगची) एक्सएमएल फाइल पेनड्राइव्हवर उतरवा. जुनी हार्डडिस्क कधी बसेल याचा नेम नाही.