सिंथेटिक ब्रशने फेस जमत नाही? या चुका टाळा

दाढीचा नवा सिंथेटिक ब्रश आणला आणि फेस पातळ होतोय, ओघळतोय, अर्ध्या दाढीतच वाळतोय? साबण बदलायच्या आधी पाण्याकडे बघा. बॅजर या प्राण्याचे किंवा डुकराचे केस पाणी पितात आणि ते हळूहळू सोडत राहतात. नायलॉन किंवा पीबीटी या प्लास्टिकचे तंतू पाणी जवळजवळ पीतच नाहीत. तंतूंच्या फटीत अडकलेलं तेवढंच पाणी, आणि तेही ब्रश टेकवताच एकदम खाली येतं. डुकराचे केस तोंडाला नकोत म्हणून सिंथेटिक घेणारे बरेच असतात, पण सवयी मात्र जुन्याच ब्रशच्या राहतात.

त्यातली पहिली म्हणजे ब्रश दहा-पंधरा मिनिटं मगात भिजत ठेवणं. उपयोग शून्य. नळाखाली ओला करा, पिळा, वर दोन झटके द्या. पाणी कडकडीत नको, नाहीतर टोकं वाकडी होतात आणि दांड्यातली चिकटवणही सैल पडू शकते. निथळता ब्रश साबणावर फिरवलात तर पांढरं पाणी कोपरापर्यंत येईल आणि ब्रशमध्ये साबण जाणारच नाही.

दुसरी चूक साबणाच्या कंजुषीची. वडीवर चार वेळा फिरवून भागत नाही, वीस-तीस सेकंद लागतात. टोकांवर दाट, चिकट लेप दिसला पाहिजे. क्रीम असेल तर बदामाएवढी पुरे.

आता खरं काम. ब्रशची फक्त टोकं पाण्याला लावायची, वाटीत किंवा गालावर घोळवायचं, मग पुन्हा टोकं लावायची. असं तीन-चार वेळा. एकदम पाणी ओतलं की मोठे बुडबुडे येतात आणि फेस बसतो. त्यावर आणखी घोळवून काही होत नाही, साबणच वाढवावा लागतो. उलट ब्रश गालावर अडखळत असेल, फेस निस्तेज आणि कोरडा दिसत असेल, तर पाणी कमी पडलंय. बहुतेकजण इथेच थांबतात, कारण फेस भरपूर दिसतो! जमलेला फेस फेटलेल्या चक्क्यासारखा दिसतो: तुकतुकीत, बुडबुडे नाहीत. चिमटीत चोळून बघा, बोटं सुळकन घसरली पाहिजेत.

सिंथेटिकला उसळीही जास्त. दाबून सोडलात की शिंतोडे आरशावर. हलका हात ठेवा. दाढीवर दुसऱ्यांदा फेस लावताना तो संपला असं वाटलं तर ब्रश मुळाशी दाबून बघा, दाट ब्रशच्या पोटात बराच फेस अडकलेला असतो.

एवढं करूनही फेस बसत असेल तर घरात बोअरचं पाणी आहे का ते बघा. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट साका करतं आणि साबण त्यातच खर्ची पडतो. एक दिवस आरओचं कपभर पाणी वापरून बघा. फरक पडला तर साबणाचा दोष नव्हता. उकळून गार केलेलं पाणीही चालतं, पण उकळल्याने सगळेच क्षार जात नाहीत, त्यामुळे काही बोअरना हा उपाय लागू पडत नाही.

हाच साका ब्रशच्या मुळाशी बसून तंतू राठ करतो. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून ब्रश पाचेक मिनिटं बुडवा, मग साध्या पाण्याने खळखळून धुवा.