कॅन्सरमध्ये भात-पोळी बंद करताय? या चुका टाळा

आत्याची केमो सुरू झाली आणि आठवड्याभरात कोथरूडच्या तिच्या स्वयंपाकघरातून साखर, तांदूळ, कणीक सगळं हद्दपार झालं. 'साखर बंद केली की कॅन्सर मरतो' हा मेसेज घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर आला होता. तीन आठवड्यांनी तिच्या पाटल्या हात वर केला की कोपरापर्यंत घसरायला लागल्या. तेव्हा कुठे आमचे डोळे उघडले.

त्या मेसेजमध्ये अर्धंच खरं होतं. कॅन्सरच्या बऱ्याच पेशी ग्लुकोज जास्त ओढतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनी 1920च्या दशकातच दाखवलं. कॅन्सर शोधणारा पेट (PET) स्कॅनही त्यावरच चालतो. पण भात सोडला म्हणून रक्तातली साखर संपत नाही. यकृत ती स्नायूंच्या प्रथिनांपासून तयार करतं. कमी कर्बोदकांच्या आहारावर अभ्यास चालू आहेत, पण त्याने कॅन्सर बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही. केमोला तो पर्याय नाहीच.

आमची सगळ्यात मोठी चूक म्हणजे काढून टाकलं, पण बदल्यात काही दिलं नाही. साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे रोज 25 ते 30 कॅलरी आणि 1 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात. आत्या 52 किलोंची, म्हणजे किमान 52 ग्रॅम प्रथिनं. ताटात काय, तर काकडी, पालकाचं सूप आणि दोन अंड्यांचा पांढरा भाग, म्हणजे जेमतेम सात ग्रॅम! पनीर, अख्खी अंडी, मासे, दही, दाण्याचं कूट, तूप हे आधी वाढवायला हवं होतं. दर रविवारी त्याच काट्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहा. महिन्यात अडीच किलो उतरलं, तर पथ्य थांबवून डॉक्टरांना फोन करा.

चतुर्थीची साबुदाण्याची खिचडी मात्र 'उपासाची' म्हणून चालू होती. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. गूळही साखरच.

मधुमेह असेल तर स्वतःच्या मनाने काहीही करू नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी चालू असताना कर्बोदकं तोडली, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांवर तर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. केमोसोबतच्या स्टेरॉइडने साखर वाढते, तेव्हा घाबरून जेवण तोडू नका. औषधाचा डोस डॉक्टर बदलतील. स्वादुपिंडाचा आजार असेल तर जास्त तूप-तेल पचतही नाही.

तोंड आलं त्या दिवसांत आत्याच्या घशाखाली मेतकूट-तूप घातलेला मऊ भातच उतरायचा. आहारतज्ज्ञ बाईंनी तो चमचा-चमचा भरवायला सांगितला, आणि आम्ही तांदळाचा डबा परत ओट्यावर आणला.