ट्रॅक्टर उभा राहणार असेल तर बॅटरीचं आधी बघा

निपाणी, चिकोडी, अथणीकडे गळीत हंगाम संपला की ऊस ओढणारे कितीतरी ट्रॅक्टर शेडमध्ये उभे राहतात. बॅटरी मात्र उभ्या गाडीतही उतरत असते, आणि तशीच उतरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. मग ती पूर्ण चार्ज घेतच नाही.

म्हणून ट्रॅक्टर लावतानाच बॅटरी फुल चार्ज करा आणि मायनसची वायर सोडवून ठेवा. पाना आधी मायनसलाच लावायचा. प्लस सोडताना तो बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते. अधूनमधून पाच मिनिटं इंजिन चालवण्यावर भरवसा ठेवू नका, तेवढ्यात बॅटरी काही भरत नाही. त्यापेक्षा महिन्याला मीटर लावा. 12.6 व्होल्ट असेल तर उत्तम, 12.4 च्या खाली गेली की चार्जरवर. 80 अँपिअर-तासांच्या बॅटरीला 8 अँपिअर पुरे. चार्जिंगला हायड्रोजन सुटतो, तेव्हा जागा मोकळी हवी आणि जवळ विडीसुद्धा नको.

टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडं करून पेट्रोलियम जेली लावा. आत घालायचं पाणी डिस्टिल्डच, बोअरचं कधीही नाही.