पळणारा सिग्नल आणि रबाळ्याची लोकल

डिप्लोमा झाल्यावर रबाळ्याच्या एमआयडीसीत कंट्रोलर बोर्ड दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागलो. कॉलेजातल्या स्कोपला (ऑसिलोस्कोप, सिग्नलचा व्होल्टेज वेळेनुसार रेघेत दाखवणारं यंत्र) निदान फिरवायला नॉब होते. इथे हातात आला डब्याएवढा यूएसबी स्कोप, बाकी सगळा कारभार लॅपटॉपवर.

पहिलंच काम: बोर्ड दर ५० मिलिसेकंदांनी ८ बाइटचं पॅकेट पाठवतो, ते बघायचं. स्क्रीनवर रेघा नुसत्या पळत होत्या. अर्धा तास मी टाइमबेसच बदलत बसलो. टाइमबेस चित्र ताणतो किंवा आवळतो. ते जागेवर धरायचं काम ट्रिगरचं, म्हणजे सिग्नल ठरवलेली पातळी (लेव्हल) ओलांडेल त्या क्षणी चित्र पकडणाऱ्या सेटिंगचं, हे परीक्षेत लिहिलं होतं, हातात उतरलं नव्हतं.

ट्रिगरचा मोड ऑटोवर होता. ऑटोमध्ये ट्रिगर मिळाला नाही तरी स्कोप थोडं थांबून काहीतरी काढून दाखवतोच, त्यामुळे नवख्याला वाटतं सगळं ठीक आहे. मी नॉर्मल केला, तर स्क्रीन गोठली. सॉफ्टवेअर हँग झालं समजून मी केबल उपटली. शेजारच्या टेबलावरचे काका हसले. "अरे, हँग कसलं! तू सांगितलेलं अजून घडलंच नाही, म्हणून ते वाट बघतंय."

खरंच होतं. ट्रिगरची लेव्हल २.५ व्होल्ट ठेवली होती, पण प्रोब (बोर्डाला टेकवायची स्कोपची वायर) १०एक्सवर, म्हणजे सिग्नल दहापट लहान करून देणारा, आणि सॉफ्टवेअर १एक्सवर, म्हणजे आला तसाच खरा मानणारं. ५ व्होल्टचा सिग्नल त्याला अर्धा व्होल्टच दिसत होता, २.५ ची रेघ ओलांडणार कोण? आता प्रोब लावला की मी आधी ही सेटिंग बघतो.

तरीही चित्र एकावर एक चढलेलंच. सिरियल लाइन (जिच्यावरून पॅकेटचे बिट एकामागोमाग जातात) रिकामी असताना वर असते आणि प्रत्येक बाइटच्या आधीच्या स्टार्ट बिटला खाली येते, म्हणून ट्रिगर खाली उतरणाऱ्या कडेवर. पण अशा कडा पॅकेटभर असतात. रबाळे स्टेशनवर उभं राहून वाशीकडे जाणाऱ्या लोकलचा फोटो काढायचाय समजा. 'दार समोर आलं की क्लिक' असं ठरवलं तर कधी तिसऱ्या डब्याचं दार मिळेल, कधी सातव्या. सगळे फोटो एकावर एक ठेवले की खिचडी.

उपाय होल्ड-ऑफ, म्हणजे एका ट्रिगरनंतर ठरावीक वेळ दुसरा ट्रिगर न घेणं. एक फोटो काढला की अख्खी गाडी जाईपर्यंत कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. मग पुढचं दार पहिल्या डब्याचंच. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) एक बिट साधारण १०४ मायक्रोसेकंदांचा, स्टार्ट-स्टॉप धरून बाइट १० बिटांचा, म्हणजे ८ बाइट सुमारे ८.३ मिलिसेकंदांत संपतात. होल्ड-ऑफ २० मिलिसेकंद ठेवला. पॅकेटच्या मध्येच ट्रिगर झाला तरी २० नंतर आपण मोकळ्या जागेत असतो. चित्र खिळा मारल्यासारखं थांबलं.

स्वस्त यूएसबी स्कोपच्या सॉफ्टवेअरमध्ये हा होल्ड-ऑफ बरेचदा नसतो. तेव्हा काकांची युक्ती: बोर्डावर मॅक्स४८५ (सिरियल सिग्नल बाहेरच्या लांब वायरवर पाठवणारी चिप) असेल तर दुसरा चॅनेल त्याच्या ३ नंबर पिनवर लावायचा. पाठवणं सुरू करताना कंट्रोलर ती पिन वर करतो, त्या चढत्या कडेवर ट्रिगर. मोटरमनच्या केबिनचाच फोटो! (प्रोबचा ग्राउंड क्लिप मात्र मेन्सच्या भागाला लावू नका. तो यूएसबीमार्गे लॅपटॉपच्या ग्राउंडला जोडलेला असतो. स्कोपबरोबर लॅपटॉपही जाईल.)

ट्रिगरची जागा हलवता येते, हे मला फार उशिरा कळलं. एक बोर्ड मधूनच रिसेट व्हायचा. ५ व्होल्टच्या लाइनवर ट्रिगर लावला: ४.५ च्या खाली उतरताना, सिंगल मोड (एकदाच पकडून थांबणारा), आणि ट्रिगरची खूण ओढून स्क्रीनच्या उजवीकडे, म्हणजे ८० टक्के चित्र घटनेच्या आधीचं. दुसरा चॅनेल रिलेच्या कॉइलवर. चहा घेऊन आलो तर स्क्रीनवर सापडलेलं होतं: आधी रिले ओढला गेला, मग ५ व्होल्टची लाइन खाली बसली. सप्लायचा कपॅसिटर बदलला. तो फुगलेलासुद्धा नव्हता. नुसत्या नजरेला कधीच सापडला नसता.