जुन्या गाडीचे गॅप जुळवायचेत? आधी दरवाजाचा नाद सोडा

दरवाजा नीट लागत नाही, बॉनेटची एक बाजू वर राहते, मडगार्ड आणि दरवाजाच्या मधे एकीकडे बोट जातं आणि दुसरीकडे कागदसुद्धा जात नाही. जुनी गाडी खोलून परत जोडायला घेतली की हे होणारच. मग बहुतेक जण पान्हा घेऊन थेट बिजागरीचे बोल्ट सैल करतात आणि तिथेच दोन-तीन रविवार घालवतात. फट दिसते दरवाजाला, पण तिचं मूळ बऱ्याचदा खाली चॅसीत नाहीतर सिलमध्ये, म्हणजे दरवाजाखालच्या लांब पेटीत असतं, म्हणून खालून वर यायचं आणि मागून पुढे यायचं.

सगळ्यात आधी गाडी सपाट जमिनीवर स्वतःच्या चाकांवर उभी करा, टायरमध्ये हवा सारखी भरा. इंजिन काढलेलं असेल तर गाडीचं वजन जिथे पडायला हवं तिथे पडतच नाही, त्यामुळे आत्ता जुळवलेला गॅप इंजिन बसवल्यावर हलू शकतो हे डोक्यात ठेवा. स्टँडवर काम करायचंच असेल तर स्टँड अ‍ॅक्सलखाली किंवा सस्पेन्शनच्या जागी द्या, बॉडीच्या मधोमध देऊ नका. उघड्या टपाच्या गाड्यांना तर हे फारच लागू, कारण वर छत नाही, सगळा भार सिल आणि फ्लोअरवर. अशी कमकुवत झालेली गाडी चुकीच्या जागी जॅकवर घेतली की लागत असलेला दरवाजा तिथल्या तिथे अडकतो.

आता मागची कड बघा. दरवाजाच्या मागच्या बाजूची फट वर बारीक आणि खाली रुंद दिसत असेल तर कारणं दोन असू शकतात आणि दोन्ही दिसायला सेम टू सेम. एक म्हणजे बिजागरीची पिन आणि तिच्याभोवतीची नळी म्हणजे बुश झिजलेत, त्यामुळे दरवाजा मागून लोंबतोय. दुसरं म्हणजे सिल गंजून बॉडी मधे बसलीये आणि दरवाजाच्या पुढचा-मागचा असे दोन्ही पिलर (खांब) वरच्या बाजूने एकमेकांकडे झुकलेत. ओळखायचं सोपं आहे. दरवाजा अर्धा उघडा, मागची कड दोन्ही हातांनी धरून हळूच वर उचला. बिजागरीत खटखट जाणवली, दरवाजा वर गेला पण पिलर जागचा हलला नाही, तर पिन-बुश बदला आणि मगच पुढे जा. बिजागरीत एखादा मिलिमीटर ढिलेपणा असला तरी दरवाजाच्या टोकाला तो कितीतरी जास्त होऊन दिसतो, कारण दरवाजा लांब आणि दोन बिजागऱ्यांमधलं अंतर कमी.

खटखट नसेल तर टेप काढा. दरवाजाच्या चौकटीची रुंदी काचेच्या खालच्या रेषेवर मोजा, तळाशी मोजा, दोन्ही कर्ण मोजा आणि दुसऱ्या बाजूच्या चौकटीशी ताडून बघा. वरची रुंदी कमी भरली तर बॉडी बसलीये, आता कितीही बोल्ट फिरवा, उपयोग शून्य. वेगळी चॅसी असलेल्या गाडीत बॉडी आणि चॅसीच्या मधल्या माउंटचे रबर चेपलेले असतात, ते नवे घाला आणि शिमने (पातळ पत्र्याच्या चकत्यांनी) उंची जमवा. चौकटीच्या मधोमध खाली येणारा माउंट उचलला की वरची फट उघडते, दोन टोकांचे उचलले की आवळते. मोनोकॉक म्हणजे वेगळी चॅसी नसलेली बॉडी असेल तर सिल बदलायला लागेल, आणि तेव्हा जुना पत्रा कापायच्या आधी चौकटीत लोखंडी पाइपचे टेकू वेल्ड करून घ्या, जमलं तर दरवाजा लावूनच सिल आधी नुसत्या टाक्यांवर (वेल्डिंगच्या सुट्या ठिपक्यांवर) बसवा आणि बंद-उघड करून बघा. पूर्ण वेल्डिंग झाल्यावर कळलं की चौकट वाकडी आहे तर परत सगळं कापा, दुसरा इलाज नाही.

चौकट सरळ आहे याची खात्री झाली की मग दरवाजा. मागचा क्वार्टर पॅनल, म्हणजे दरवाजामागचा चाकावरचा पत्रा, वेल्ड केलेला असतो, तो हलत नाही, म्हणून मोजायला तोच धरायचा. आधी दरवाजा त्याच्याशी, मग मडगार्ड दरवाजाशी, मग बॉनेट मडगार्डशी. उलट्या क्रमाने गेलात तर शेवटी उरलेली सगळी चूक दरवाजाच्या मागच्या कडेला साठते आणि तिथे हलवायला काहीच नसतं. स्ट्रायकर, म्हणजे दरवाजाचं लॉक ज्यात अडकतं तो पिलरवरचा तुकडा, काढून ठेवा, तो दरवाजाला जबरदस्तीने वर-खाली ओढतो आणि खरी परिस्थिती कळूच देत नाही. रबर बीडिंगही पहिल्यांदा काढूनच ठेवा.

दरवाजाखाली जॅक आणि कापड गुंडाळलेला लाकडी ठोकळा द्या, एका वेळी एकाच बिजागरीचे बोल्ट सैल करा, दोन्ही केलेत तर दरवाजा कुठे होता तेच हरवतं. मागची कड खाली असेल तर वरची बिजागरी थोडी पुढे घ्या किंवा खालच्या बिजागरीमागे शिम घाला, गाडीत ज्याला जागा असेल ते करा. फट मोजायला महागडं काही लागत नाही, 4 मिमीच्या ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा कडेकडेने सरकवत न्या, कुठे अडकतो आणि कुठे डुगडुगतो ते बोटांना लगेच कळतं, तिथे मास्किंग टेपवर पेन्सिलने खूण करा. दरवाजाची पुढची कड मडगार्डच्या किंचित आत राहिलेली चालते, बाहेर आलेली चालत नाही, वारा तिथे आपटून शिट्टी वाजते.

फट सगळीकडे सारखी, पण दरवाजाचा खालचा कोपरा बाहेर आणि वरचा आत, म्हणजे दरवाजाला पीळ पडलाय. आत आलेल्या वरच्या कोपऱ्याशी दरवाजा आणि पिलरच्या मधे लाकडी ठोकळा धरा आणि बाहेर आलेला खालचा कोपरा गुडघ्याने हळूहळू आत दाबा. थोडं दाबा, बघा, परत दाबा. ऐकायला रानटी वाटतं पण पत्र्याचे दरवाजे असेच सरळ होतात.

एवढं करूनही एखादी कड कमी पडतेच, खासकरून नव्याने बनवलेले बाजारातले पॅनल घेतले असतील तर, ते क्वचितच सरळ बसतात, म्हणून जुना पॅनल अगदीच भुगा झालेला नसेल तर टाकून देऊ नका. कडेला पातळ सळई टाके मारून जोडा, टाके एकमेकांपासून लांब मारा म्हणजे पत्रा तापून वाकणार नाही, मग कानशीने घासून आकार द्या. फट बारीक असेल तर कड घासता येते पण जपून, दरवाजाच्या कडेला पत्रा दुमडलेला असतो, जास्त घासलात तर दुमड उघडते. पुट्टीने कड वाढवायचा मोह मात्र आवरा, दरवाजा शंभरदा आपटला की ती टवका होऊन पडते.

बॉनेट सगळ्यात शेवटी. बिजागऱ्यांनी मागची उंची आणि पुढे-मागे, पुढच्या रबरी बफरने पुढची उंची, आणि लॉक सगळ्यात शेवटी लावा. लॉक लावून बॉनेट खाली ओढत जुळवलेलं दिसलं तर समजा खाली काहीतरी राहिलंय.

सगळं जुळलं की रंगाची घाई करू नका. नवीन रबर बीडिंग लावून दरवाजा बंद करून बघा, नवं रबर ताठ असतं आणि दरवाजा बाहेर ढकलतं, ते आत्ता कळलेलं बरं. प्रायमर आणि रंगाचे थर दोन्ही कडांवर चढतात, त्यामुळे कोरड्या पत्र्यावर फट हवी त्यापेक्षा थोडी सैल ठेवा. आणि कारखान्यातून निघतानाही या गाड्यांचे गॅप आजच्यासारखे एकसारखे नव्हते, तेव्हा आरशासारखी रेघ मिळवण्यासाठी चांगला पत्रा कापत बसण्यात काही अर्थ नाही.

पॅनल उतरवण्याआधी प्रत्येक बिजागरीच्या पट्टीतून आरपार पिलरमध्ये 3 मिमीची दोन भोकं पाडून ठेवा. रंगानंतर जोडताना त्या भोकांत ड्रिल बिट घातला की बिजागरी बरोबर जुन्या जागी येते, आणि ताज्या रंगावर बोल्ट मागे-पुढे करत बसायची वेळ येत नाही. थोडं चालवून झाल्यावर बोल्ट एकदा परत आवळा, नवे रबर माउंट बसतात आणि फट थोडी हलते.