लिफ्टनंतर स्टिअरिंग ढिलं झालं? स्क्रू आवळायच्या आधी हे बघा

जिम्नीला दोन इंची लिफ्ट बसवली, म्हणजे सस्पेन्शन बदलून गाडी तेवढी उंच केली, गाडी गॅरेजबाहेर काढली, गल्लीतल्या खड्ड्यांवरून झोकात नेली. एक्स्प्रेसवेवर ऐंशीला पोचलो तेव्हा लक्षात आलं, की आपण गाडी चालवत नाही, नुसती सावरतोय. जरा डावीकडे, जरा उजवीकडे, परत डावीकडे. मेकॅनिककडे गेलो. त्याने स्टिअरिंग बॉक्सचा (स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणाऱ्या गिअरच्या डब्याचा) स्क्रू पाव फेरा आवळला आणि म्हणाला, "आता बघा, टाईट." टाईट झालं खरं. इतकं, की वळण संपलं तरी स्टिअरिंग आपणहून सरळ येईना. आणि सरळ रस्त्यावर गाडी भरकटायची ती भरकटतच राहिली.

कारण ढिलं काही नव्हतंच. कोन बिघडला होता. लिफ्टनंतरच्या बहुतेक तक्रारींत हाच घोळ असतो, म्हणून सुरुवात पान्ह्याने नाही, लक्षणांनी करायची.

आधी तक्रार नीट ओळखा

मोकळं मैदान किंवा रिकामा रस्ता गाठा आणि चार गोष्टी बघा.

स्टिअरिंग दोन-तीन बोटं फिरवलं तरी चाक हलत नाही? हा खरा प्ले, म्हणजे जोडातला ढिलेपणा. कुठलातरी जॉइंट, रबरी बुश किंवा बोल्ट ढिला आहे.

प्ले नाही, पण वेगात गाडी सरळ राहत नाही आणि वळणानंतर स्टिअरिंग परत येत नाही? कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, कमी झालाय. वीसच्या वेगात स्टिअरिंग वळवून पकड सैल करा, हात जवळच ठेवा. चाक आळसटल्यासारखं तिथेच राहिलं तर उत्तर मिळालं.

खड्डा किंवा पुलाचा सांधा लागला की गाडी एका बाजूला उडी घेते? पॅनहार्ड रॉड (चाकांचा दांडा आडवा सरकू न देणारी सळई) आणि ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारी सळई) यांचे कोन जुळत नाहीयेत.

सांधा लागल्यावर पुढची चाकं थडथडायला लागतात आणि वेग उतरेपर्यंत थांबत नाहीत? हा वॉबल. अशा वेळी घाबरून जोरात ब्रेक मारू नका, स्टिअरिंगशी झुंजू नका. ते घट्ट धरा, अ‍ॅक्सिलरेटर सोडा, वेग हळूहळू उतरू द्या. ही गाडी दुरुस्त होईपर्यंत हायवेवर न्यायची नाही.

टायर आणि हवा

पाच मिनिटांचं काम, आणि नेमकं हेच राहून जातं. ट्रेलवरून आल्यावर हवा परत भरली का? कमी हवेचा मड टेरेन टायर रबरी चपलेसारखा लचकतो आणि स्टिअरिंग ढिलं वाटतं. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरचा आकडा मूळ मापाच्या टायरचा असतो. टायर मोठे घातले असतील तर त्याच्या आसपास एक-दोन पीएसआय वर-खाली करून बघा. पुढची चाकं मागे, मागची पुढे लावून एक चक्कर मारा. त्रास बदलला तर दोष टायरमध्ये किंवा बॅलन्सिंगमध्ये आहे.

खाली झोपून बघायची परीक्षा

याला दोन माणसं लागतात. गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकं टेकलेली, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, चाकांना पुढून-मागून दगड. इंजिन चालू ठेवा, म्हणजे पॉवर स्टिअरिंगचा खरा जोर लागतो. एकाने स्टिअरिंग थोडंसं डावी-उजवीकडे हलवत राहायचं, पूर्ण फिरवायचं नाही. दुसऱ्याने खाली झोपून क्रमाने बघायचं: स्टिअरिंग बॉक्सचे चॅसिसवरचे बोल्ट, पिटमन आर्म (बॉक्समधून निघून ड्रॅग लिंक हलवणारा), ड्रॅग लिंकची दोन्ही टोकं, टाय रॉड एंड (दोन्ही पुढची चाकं जोडणाऱ्या सळईची टोकं), पॅनहार्ड रॉडची दोन्ही टोकं, शेवटी रेडियस आर्मचे बुश.

नुसतं बघू नका, जॉइंटवर बोट ठेवा. जिथे एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला दुसरा क्षणभर उशिरा हलतो, तिथे बोटाला बारीकशी 'टक' लागते. डोळ्याला न दिसणारा प्ले असा सापडतो. पॅनहार्डच्या बोल्टकडे जास्त लक्ष द्या. लिफ्ट करताना तो सोडलेला असतो, आणि ढिला राहिला तर ब्रॅकेटचं भोक हळूहळू लांबट होतं. मग बोल्ट कितीही आवळा, उपयोग नाही. ब्रॅकेटच दुरुस्त करावा लागतो.

आता गाडी जॅकवर घ्या, जॅकस्टँड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जायचं नाही. चाक वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे धरून. डाव्या-उजव्या हालचालीत प्ले असेल तर टाय रॉड एंडवर संशय. वर-खाली असेल तर व्हील बेअरिंग किंवा किंगपिन (चाक जिच्यावर वळतं ती खुंटी) बेअरिंग. दोघांत फरक करायला कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन.

सगळं घट्ट आहे? मग कॅस्टर

सायकलचा पुढचा फोर्क तिरका असतो, हात सोडून सायकल चालवताना त्याची मदत होते. कॅस्टर म्हणजे तोच तिरकेपणा. जिम्नीचा पुढचा अ‍ॅक्सल अखंड, आणि तो रेडियस आर्मने मागे चॅसिसला धरलेला. लिफ्ट केली की चॅसिसच्या हिशोबाने अ‍ॅक्सल खाली जातो, आर्म खाली झुकतो आणि अ‍ॅक्सललाही नाक खाली करून फिरवतो. आर्म 700 मिमीचा धरला तर 50 मिमीच्या लिफ्टने सुमारे 4 अंश गेले. मूळ कॅस्टरच मोजक्या अंशांचा, मग उरणार काय? त्यात मागची लिफ्ट पुढच्यापेक्षा जास्त असेल तर नाक आणखी खाली.

अलाइनमेंटवाल्याकडे जाऊन नुसतं "अलाइनमेंट करून द्या" म्हणू नका. तो टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली ते) सेट करेल आणि ओके म्हणेल. दोन्ही बाजूंचा कॅस्टर अंशांत छापलेला कागद मागा आणि सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. जिम्नीत कॅस्टर फिरवायची सोय कंपनीने दिलेलीच नाही, त्यामुळे इलाज तीनच: ऑफसेट बुश, आर्मचं चॅसिसकडचं टोक खाली उतरवणारे ब्रॅकेट, किंवा कोन दुरुस्त केलेले आर्म. छोट्या लिफ्टला बुश पुरतात. त्याहून वर गेलात तर पैसे आर्मवर घाला, बुशवर नको.

माझ्या गाडीत बुश होते, पण उलटे दाबलेले. ऑफसेट बुशचं भोक मधोमध नसतं. आर्मच्या अ‍ॅक्सलकडच्या दोन बुशांपैकी एकाचं भोक वर आणि दुसऱ्याचं खाली यावं लागतं. क्रम चुकला की कॅस्टर वाढण्याऐवजी आणखी कमी होतो. अलाइनमेंटच्या कागदावर कॅस्टरच्या आकड्याआधी उणेचं चिन्ह बघितलं तेव्हा दोन आठवड्यांचं कोडं सुटलं. किटसोबत कागद येतो, प्रेसवर बुश चढवायच्या आधी तो मेकॅनिकसमोर धरा. त्याला राग येईल, येऊ द्या.

पॅनहार्ड आणि स्टिअरिंगचा मध्य

लिफ्टनंतर पॅनहार्ड जास्त तिरका होतो आणि अ‍ॅक्सलला आपल्या चॅसिसकडच्या टोकाच्या बाजूला ओढतो. दोन्ही मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि टायरपर्यंतचं अंतर मोजा. फरक दिसला तर अ‍ॅडजस्टेबल पॅनहार्डने अ‍ॅक्सल मध्यावर आणा. मगच ड्रॅग लिंकच्या अ‍ॅडजस्टरने स्टिअरिंग सरळ करा, उलट क्रमाने नाही. समोरून बघितल्यावर पॅनहार्ड आणि ड्रॅग लिंक जवळपास समांतर दिसले पाहिजेत. एकाचाच कोन बदलला तर गाडी खड्ड्यात उडी घेणारच.

टो सगळ्यात शेवटी. कॅस्टर किंवा अ‍ॅक्सलची जागा बदलली की आधीच्या टोला अर्थ उरत नाही.

गाडी जिम्नी नसेल तर

जिप्सीला लीफ स्प्रिंग. पुढे लांब शॅकल (स्प्रिंगचं टोक चॅसिसला जोडणारी कडी) टाकून उंची घेतली असेल तर कॅस्टर तिथेच गेला. स्प्रिंग आणि अ‍ॅक्सलमध्ये पाचर घालून तो परत मिळवतात. 2020 नंतरच्या थारला पुढे अखंड अ‍ॅक्सल नाही, डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली दोन आर्मनी वेगळं धरलेलं. तिथे पॅनहार्डचा प्रश्न येत नाही, पण स्पेसरने उचलल्यावर कॅस्टर आणि कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा झुकाव) दोन्ही हलतात आणि वरचा बॉल जॉइंट टोकाच्या कोनात जातो. पूर्ण अलाइनमेंटशिवाय ती चालवूच नका.

डॅम्पर आणि तो स्क्रू

जाड स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे झटके शोषणारा शॉकर) घातला की वॉबल थांबतो, असं दुकानात सांगतात. थांबतो, काही महिने. ढिला बोल्ट आतल्या आत भोक मोठं करतच राहतो. आणि बॉक्सच्या स्क्रूला हात लावायचा तो वरचं सगळं तपासून झाल्यावर, मॅन्युअलमधल्या मापाने.

आवळायची पद्धत

बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना आवळले तर बुश पिळलेल्या अवस्थेत जखडतात आणि लवकर फाटतात. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर टेकवा, बंपर दाबून दोन-तीन वेळा हलवा आणि मग टॉर्क रेंचने मापात आवळा. 100 किलोमीटरनंतर परत एकदा, 500 नंतर आणखी एकदा. प्रत्येक नट आवळल्यावर नटावरून ब्रॅकेटपर्यंत पांढऱ्या पेंट मार्करने रेघ मारा. पुढच्या ट्रेलहून आलात की टॉर्च घेऊन खाली जा आणि कुठली रेघ तुटली आहे ते बघा.